मशीन बंद न करता

आमच्या ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाच्या खालच्या खणात जुने चार्जर, तुटक्या वायरी आणि कुठल्यातरी मशीनचे उरलेले स्क्रू साठत जातात ना, तसे ते साठतात. फेकवत नाहीत, आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही. मला या ऑफिसात सतरा वर्षं झाली. खण आता लागतच नाही नीट. म्हणून म्हटलं, थोडे बाहेर काढावेत.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. लखनौच्या गोमती नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी आहे. हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी मॉनिटर असतो, त्यावर हृदयाची रेघ नाचते, ऑक्सिजनचा आकडा दिसतो, टूँ-टूँ वाजतं, ते मशीन आम्ही बनवतो. मालक सक्सेनासाहेब. सर्किट बनवणारे अफजलभाई, पन्नाशी ओलांडलेले, कायम शर्टाच्या खिशात टेस्टर. मशीन तपासून चुका काढणारी ऋचा. ती आमची मराठीच, पण जन्म लखनौचा. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते आणि मला मावशी म्हणते. बाकी सगळ्यांशी मी हिंदीतच बोलते, इथे माझं बोलणं बहुतेक मराठीत लिहितेय. आणि मी अनघा, माहेर सांगलीचं, नवरा हवाई दलात होता म्हणून इथे आले आणि राहिले.

मी ड्रायव्हर लिहिते. मशीनमधली चिप एक भाषा बोलते, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर दुसरी. मधला जो छोटा प्रोग्रॅम इकडचं तिकडे सांगतो, तो ड्रायव्हर. आणि सतरा वर्षं माझ्याकडे एकच मागणी येते आहे: "अनघाजी, यह सेटिंग चलते-चलते बदलनी चाहिए." म्हणजे मशीन बंद न करता. बरोबरच आहे, पेशंट लावलेला असताना मशीन बंद कसं करणार? पण शिलाई मशीन जोरात चालू असताना सुईखाली बोट घालून टाका लहान-मोठा करून बघा, म्हणजे माझं काम कळेल.

*

लखनौला आलो तेव्हा पहिलं घर अलीगंजला भाड्याने घेतलं. मालक मिश्राजी, रिटायर्ड प्राध्यापक, अतिशय सज्जन. सामान उतरवत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "बिटिया, आप क्या करती हैं?"

मी दमले होते. हातात मिक्सरचं खोकं. "ड्राइवर का काम है," एवढं म्हटलं आणि पुढचं सांगणार तेवढ्यात खोक्याचा तळ फाटला. मिक्सर पायावर पडला. विषय तिथेच संपला.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मिश्राजी, मिसेस मिश्रा आणि दोन सुटकेसा! टॅक्सी आली नव्हती, विमानाला उशीर होत होता. "बिटिया, अमौसी एअरपोर्ट तक छोड़ देंगी?"

मी सोडलं. शेजारधर्म म्हणून कोणीही सोडलं असतं. पण दोघंही मागच्या सीटवर बसले, तेव्हा मला शंका आली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "अपनी चलाती हैं, या किसी साहब के यहाँ लगी हैं?"

मग मी एअरपोर्ट येईपर्यंत समजावलं. चिप म्हणजे काय, सॉफ्टवेअर म्हणजे काय, दोघांच्या मधे ड्रायव्हर का लागतो. मिश्राजी शांतपणे, मान हलवत ऐकत होते. शेवटी उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सब समझ गया, बिटिया. इतना पढ़-लिखकर भी चला रही हो, बड़ी बात है. बस, ब्रेक जरा आहिस्ता!"

चार वर्षं राहिलो त्या घरात. नंतर मी समजावणं सोडून दिलं.

*

मशीनचा पहिला मोठा डेमो होता. तीन डॉक्टर आले होते, त्यातले एक खूप वयस्क, हळू बोलणारे. सक्सेनासाहेबांनी मोठ्या उत्साहाने बीपीचा पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. "पेशंट मैं खुद!"

खोलीत ऊन येत होतं. स्क्रीन नीट दिसेना. साहेब म्हणाले, "अनघाजी, उजाला थोड़ा बढ़ाइए. देखिए डॉक्टर साहब, मशीन बंद नहीं करनी पड़ती, चलते-चलते हो जाता है."

मी बटण दाबलं. उजेड काही वाढला नाही.

"थोड़ा और."

मी परत दाबलं. उजेड आहे तेवढाच. साहेबांच्या कपाळावर मात्र घाम.

झालं होतं असं, की स्क्रीनचा उजेड आणि पट्ट्यात हवा भरणारा पंप, दोन्ही एकाच चिपवर चालतात. प्रत्येकाला एक नंबर. चिप बनवणारे नंबर शून्यापासून मोजतात. अफजलभाईंनी मला जो कागद दिला होता, त्यावर त्यांनी माणसासारखे एकापासून मोजले होते. आणि मी तो कागद बघून जसाच्या तसा ड्रायव्हर लिहिला होता. मी उजेड वाढवत नव्हते. मी साहेबांचा दंड आवळत होते!

आता दुसरा कोणी असता तर ओरडला असता. पण पाहुण्यांसमोर आपल्याच मशीनला नाव कसं ठेवायचं? साहेब हसत होते. बोटं जांभळी पडायला लागली, तरी हसतच होते. आणि मला वाटत होतं की त्यांना अजून उजेड हवाय. मी आणखी दोनदा दाबलं.

नशीब, हवा प्रमाणाबाहेर गेली की ती आपोआप सोडून देणारा एक साधा व्हॉल्व्ह मशीनमध्ये असतो. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. तो 'फुस्स' करून उघडला आणि साहेब खुर्चीत मागे टेकले.

वयस्क डॉक्टरांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. नाडी बघितली. चेहऱ्याकडे बघितलं. मग फार काळजीने म्हणाले, "सक्सेनाजी, मशीन तो मुझे ठीक लगती है. आप ठीक नहीं लगते."

त्यानंतर आजतागायत डेमोला पट्टा माझ्या दंडाला बांधतात.

*

मशीनला कोणी भलताच आकडा दिला, तर ड्रायव्हर तो नाकारतो. नाकारलाच पाहिजे. मग स्क्रीनवर एक ओळ येते. आम्ही हिंदीत लिहिली होती, 'मान अमान्य'. मान म्हणजे आकडा, व्हॅल्यू. शब्दकोशातून काढलेला शुद्ध शब्द.

एका हॉस्पिटलच्या हेड सिस्टरचा फोन आला. ऋचाने उचलला आणि लगेच स्पीकरवर टाकला.

"बाईस साल की नौकरी है हमारी! सारे वार्ड के सामने लिख दिया, मान अमान्य. हमारा मान अमान्य करने वाली यह मशीन होती कौन है?"

साहेबांनी स्वतः माफी मागितली. मग मीटिंग बसली. अफजलभाई म्हणाले, नकार द्यायलाही एक पद्धत असते. त्यांनी कागदावर सुंदर अक्षरात लिहून दिलं: 'गुस्ताखी माफ हो, यह सेटिंग मुमकिन नहीं.' म्हणजे, उद्धटपणाची माफी असावी, ही सेटिंग शक्य नाही. साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

मी म्हटलं, "अफजलभाई, जागा कमी आहे. ड्रायव्हरने स्क्रीनला किती अक्षरं पाठवायची ते ठरलेलं आहे."

"अरे, जितना जाए उतना भेज दीजिए," साहेब म्हणाले.

पाठवलं. चार दिवसांनी परत त्याच सिस्टरचा फोन. आवाज या वेळी थंड होता, म्हणजे जास्त धोक्याचा.

"पहले बेइज्जती की थी. अब सीधे इल्जाम लगा रही है. स्क्रीन पर लिखा आता है, 'गुस्ताखी'. बस इतना ही!"

आता मशीन काहीच लिहीत नाही. चुकीचा आकडा दिला की एक बारीक टूँ करतं आणि जुनाच आकडा ठेवतं. एकही तक्रार नाही.

"मावशी," ऋचा म्हणाली, "मुझे भी ऐसा ही होना है."

*

हा पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. हसण्यासारखा नाहीये फारसा.

बाराबंकीच्या पुढे एका गावात छोटं हॉस्पिटल आहे. तिथल्या एका मशीनची वायर उंदराने कुरतडली, म्हणून मी आणि अफजलभाई गेलो. वॉर्डात आमची सहा मशीनं ओळीने. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने आकडे. ऑक्सिजन इतक्याच्या खाली गेला तर अलार्म, नाडी इतक्याच्या वर गेली तर अलार्म.

मी कमला सिस्टरना विचारलं, "हे काय?"

"लाइट जाती है न मैडम," त्या म्हणाल्या. "लाइट आती है तो मशीन सब भूल जाती है. तो हम फिर से भर देते हैं. छहों में."

मशीनमध्ये बॅटरी असते, पण दोन-अडीच वर्षांत ती थकते. मग वीज गेली की मशीन बंद, आली की चालू. आणि चालू झालं की सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून निघाल्या तशा, म्हणजे अलार्म बंद. कारण आमच्याकडे मागणी काय होती? चालू असताना बदलता आलं पाहिजे. ते मी केलं होतं, आणि छान केलं होतं. बंद पडल्यावर लक्षात ठेवायचं कोणी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

"दिवसातून किती वेळा भरता?"

"जितनी बार लाइट जाए."

"किती दिवस झाले?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. "दो गर्मियाँ तो हो गईं."

मी विचारलं, फोन का नाही केला? त्या माझ्याकडे नवलाने बघायला लागल्या. "हमको लगा, मशीन का यही तरीका है."

मग कामं करता करता, सलाईनची बाटली बदलताना त्या सहज सांगून गेल्या. मुलीच्या साखरपुड्याला त्या तीन दिवस रजेवर गेल्या होत्या. जाताना नव्या सिस्टरला सगळं समजावलं होतं. पण एकदा वीज जाऊन आली आणि ती आकडे भरायला विसरली. कमला सिस्टर परत आल्या त्या सकाळी, तिसऱ्या खाटेवर एक आजीबाई होत्या. मशीन गप्प होतं. सिस्टरनी नुसतं जाता जाता बघितलं, तर आजींची नखं निळसर. त्यांनी धावत जाऊन ऑक्सिजन लावला.

"बच गईं?" अफजलभाईंनी विचारलं.

"हाँ हाँ. आठवें दिन घर गईं. हमको एक थैला अमरूद दे गईं."

हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या, हेच मला सहन होईना. 

दुरुस्तीला किती वेळ लागला असेल? एक दुपार. सेटिंग बदलली की ड्रायव्हरने ती एका कोपऱ्यात लिहून ठेवायची, आणि चालू होताना आधी तिथे बघायचं. संध्याकाळच्या चहापर्यंत लिहून झालं. पुढचे तीन दिवस ऋचाने मशीनची वायर उपटून-उपटून तपासलं.

आठवड्याने मी स्वतः नवीन प्रोग्रॅम घेऊन गेले. सहाही मशीनांत घातला. मेन स्विच बंद केला, चालू केला. सगळे आकडे जागच्या जागी. मी सिस्टरना म्हटलं, "आता तुम्हाला काही करायचं नाही. मशीन लक्षात ठेवेल." आणि पहिल्या मशीनवरची चिकटपट्टी काढायला हात पुढे केला.

कमला सिस्टरनी माझं मनगट धरलं. अगदी प्रेमाने.

"रहने दीजिए, मैडम. मशीन को यह याद रहेगा कि याद रखना है?"

*

अलीगंजमध्ये एका डॉक्टर नवरा-बायकोचं नर्सिंग होम आहे. डॉक्टरसाहेब खालच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसतात, तिथून वरच्या वॉर्डातली सगळी मशीनं दिसतात आणि त्यांच्या सेटिंग्जही बदलता येतात. मॅडम वरती वॉर्डात, पेशंटपाशी.

त्यांच्याकडून निरोप आला, चार नंबरच्या मशीनमध्ये काहीतरी आहे. आवाज आपोआप वाढतो, आपोआप कमी होतो. कोणी हात लावत नाही!

मी आणि ऋचा गेलो, तर मशीनच्या हँडलला लिंबू-मिरची बांधलेली. आयाबाई त्या खाटेपाशी जायला तयार नव्हती. आमच्यासमोर मॅडमनी आवाज वाढवला, पेशंटचं ब्लडप्रेशर बघायला वळल्या, आणि खरंच, मशीनचा आवाज बसला. एकदम. ऋचाने माझा दंड पकडला.

"मावशी, मैं सुबह से कुछ खाकर नहीं आई हूँ," ती पुटपुटली. त्याचा इथे काय संबंध, मला अजून कळलेलं नाही.

आम्ही मशीनच्या आतली नोंद काढली. प्रत्येक सेटिंग कोणी, कुठून बदलली, त्याची यादी ड्रायव्हर ठेवतो. बघते तर एक ओळ वॉर्डातून, एक ओळ केबिनमधून. वॉर्डातून वाढवला, केबिनमधून कमी केला. वाढवला, कमी केला. पानंच्या पानं!

झालं होतं एवढंच. चार नंबरचं मशीन बरोबर केबिनच्या डोक्यावर. डॉक्टरसाहेबांना खाली पेशंट तपासताना त्या आवाजाचा त्रास व्हायचा, ते कमी करायचे. मॅडमना वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचं नाही, त्या वाढवायच्या. दोघांनाही वाटायचं, मशीनच बदलतंय. एकमेकांना विचारायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही ऑफिसात परतलो. प्रश्न असा, की दोन ठिकाणांहून एकच सेटिंग बदलली जात असेल तर ड्रायव्हरने कोणाचं ऐकायचं? साहेब म्हणाले, "जिसका नर्सिंग होम है."

"दोघांचं आहे," मी म्हटलं.

अफजलभाई सर्किटवरून मान वर न करता म्हणाले, "जो मरीज के पास खड़ा है, उसका."

तसंच केलं. वॉर्डातून बदललेली सेटिंग आता केबिनमधून पुसता येत नाही. पण हे जाऊन त्या दोघांना सांगायचं कोणी? साहेबांना ऐनवेळी मीटिंग आली. मीच गेले. डॉक्टरसाहेब आणि मॅडम, दोघांना समोर बसवून नोंदीचे कागद टेबलावर ठेवले.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मॅडमनी मात्र एकेक पान उलटून सगळं वाचलं. शेवटच्या पानापर्यंत. मग कागद नीट जुळवले आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवले.

"तीस साल से यही चल रहा है," त्या म्हणाल्या. "लिखा हुआ आज पहली बार मिला!"

*

अफजलभाई आता ठणठणीत आहेत, हे आधीच सांगते. आत्ता हे लिहितेय तेव्हासुद्धा पलीकडच्या टेबलावर ते ऋचाशी वाद घालताहेत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ऑफिसात त्यांना छातीत दुखायला लागलं. ते म्हणाले, गॅस आहे. ऋचाने त्यांचा चेहरा बघितला आणि कोणालाही न विचारता गाडीची किल्ली उचलली. साहेब पुढे, मी मागे अफजलभाईंना धरून. गोमती नगरमधलंच हॉस्पिटल, दहा मिनिटांवर. त्यांनी लगेच आत घेतलं. हार्ट अटॅकच होता. दुपारपर्यंत काय करायचं ते करून झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आता चोवीस तास लक्ष ठेवायचं.

त्यांच्या बेगम, नसरीनभाभी, तोपर्यंत आल्या होत्या. शाळेत शिकवतात. हातावर खडूची पूड तशीच होती. दोघांनाच आत सोडणार होते, म्हणून भाभींबरोबर मी गेले.

आणि आत गेल्यावर बघते, तर उशाशी आमचंच मशीन.

आता मला एक गोष्ट सांगायला हवी. हृदयाची जी रेघ दिसते, ती पेशंट हलला की थरथरते. सिस्टरला ती स्वच्छ करायची असेल तर एक सेटिंग असते, फिल्टर म्हणतात. तीही चालू असताना बदलता येते. पण ती बदलताना माझा ड्रायव्हर चिपला क्षणभर थांबवायचा, नवीन आकडा लिहायचा आणि परत चालू करायचा. तेवढ्या वेळात चिपकडून काहीच येत नसे. आणि काहीच आलं नाही की स्क्रीनवर काय दिसणार? सरळ रेघ.

ऋचाने ही चूक कितीतरी महिन्यांपूर्वी काढली होती. मी यादीत तिच्यापुढे लिहून ठेवलं होतं, 'दोनच सेकंद. नंतर बघू.' दर वेळी यादी उघडायची, ती ओळ दिसायची, दर वेळी तिच्याहून महत्त्वाचं काहीतरी असायचं. हॉस्पिटलच्या या दिवसानंतरच्या सोमवारी मी ती चूक काढून टाकली. आता रेघ सरळ होत नाही, चिप थांबली असेल तेवढा वेळ तिथे 'रुकिए' असं लिहून येतं. पण तो सोमवार नंतरचा.

त्या दुपारी अफजलभाई डोळे मिटून पडले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. भाभी पायाशी उभ्या, दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी दांडा धरून. त्यांची नजर नवऱ्याकडे नव्हतीच, त्या रेघेकडे होती. तेवढ्यात अफजलभाईंनी कूस बदलायचा प्रयत्न केला. रेघ थरथरली. शेजारच्या खाटेपाशी असलेली सिस्टर आली, चेहऱ्यावर काहीही न आणता तिने दोन बटणं दाबली. मला बघूनच कळलं, तिने कुठली सेटिंग बदलली ते.

"भाभी," मी म्हणायला गेले. पण तोवर रेघ सरळ झाली.

मला माहीत होतं. या जगात ते मला सगळ्यात जास्त माहीत होतं. तरी मी अफजलभाईंच्या छातीकडे बघितलं.  भाभींच्या हातातला दांडा खडखडला, खाटेसकट.

त्या खडखडाटाने अफजलभाईंनी डोळे उघडले. बेगमकडे पाहिलं, मग मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. एका बोटाने मास्क बाजूला केला.

"अजी, मैं चल रहा हूँ," ते म्हणाले. "यह अनघाजी का ड्राइवर रुका है."

रेघ परत नाचायला लागली. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेलीसुद्धा. भाभींनी दांडा सोडला, मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"कितनी देर रुकता है यह?"

"दो सेकंड, भाभी."

त्या खाली स्टुलावर बसल्या.

"बस, दो?"